चण्याचा सूर

माझी पत्नी वारली. तेरावे झाले, पाहुणे गेले आणि सासूबाई राहिल्या.

जावयाशी एक शब्दही न बोलता जावयाचे घर चालवणारी बाई अख्ख्या नागपुरात दुसरी नसेल. त्यांच्या गावात सासू जावयासमोर बसत नाही, बोलत तर नाहीच. बेसा भागातल्या आमच्या दोन खोल्यांत हे जमवायचे म्हणजे कसरत, आणि माझे काम घरी बसून प्रुफे तपासण्याचे. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो की त्या पदर सावरत गॅलरीत जात. निरोप माझ्या सहा वर्षांच्या मुलीमार्फत येत, मी हातभर अंतरावर उभा असलो तरी. "तुह्या बापाले म्हण, भाजी खारट झाली असन तर तोंड उघडत जा." मुलगी शाळेत गेली की निरोप फ्रिजला. "जेवाले बसा म्हणा, भाकरी थंड होऊन राहिली." फ्रिजने मला कधी काही कळवले नाही, पण मी जेवायला बसायचो.

आजी-नात स्वयंपाकघरात निजत. मुलीला झोपताना आईची अंगाई लागे. ती सासूबाईंनीच लेकीला शिकवलेली; पण आता पहिल्या ओळीलाच त्यांचा आवाज फुटे आणि मुलगीही रडू लागे. माझ्या गळ्यात सूर नाही. शेवटी सासूबाईंनी मुलीचा खेळण्यातला कीबोर्ड माळ्यावरून काढला. गुलाबी, बेडकाच्या नि मांजराच्या आवाजांची बटणे असलेला. "कंठ दाटते, बोटं नाई दाटत," त्या फ्रिजला म्हणाल्या.

सूर लक्षात ठेवायची त्यांची रीत वेगळीच होती. कणकेच्या खळीने त्यांनी पट्ट्यांवर दाणे चिकटवले: एकीवर तूर, एकीवर मूग, एकीवर वाटाणा, एकीवर चणा. मग दार लोटून तालीम. "मूग, मूग, तूर... काहून वं, हे म्याऊ काहून करून राहिलं?"

"आजी, तू मांजराचं बटन दाबलं!"

शेतात राबलेली बोटे इतकी जाड की तूर आणि मूग एकदमच वाजत. शेवटी त्यांनी लाटण्याचे टोक वापरायला घेतले.

हळूहळू अंगाई ओळखू येऊ लागली. फक्त चण्यापाशी सूर एक पट्टी खाली पडे. तिथे मुलगी उठून बसायची. "आई असं नव्हती म्हणत."

"हे गाणं माह्या मायचं हाये. मले शिकवतं काय?"

मुलगी झोपायची नाही. सूर चुकतोय हे कळावे म्हणून मी त्या जागी बाहेरून खोकू लागलो. "तुह्या बापाले खोकला झाला वं," असे म्हणून रोज आल्याचा काढा येऊ लागला.

रविवारी दोघी भाजीला गेल्या, तेव्हा मी चणा नखाने उचलून वरच्या पट्टीवर चिकटवला. चूक दुरुस्त करण्याची माझ्या हाताला सवय आहे.

झोपायच्या वेळी दार लोटले गेले. मूग, मूग, तूर, चणा. लाटणे थांबले. मग मुलगी जवळ असूनही त्या फ्रिजलाच म्हणाल्या, "माही लेक लहानपणापासून इथंच चुकत होती. असाच चढवत होती सूर. याच्यापायी किती बोलणे खाल्ले तिनं माहे."

मला वाटले, चणा आता उपटला जाणार. अंगाई पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. त्या जागी सूर चढला. मुलगी उठली नाही.

सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. मुलगी झोपते. चणा मी लावला तिथेच आहे.