प्रत्येकाला एक ओळ

कानामागची पेन्सिल काढायची, तिचं टोक कागदावरच्या एखाद्या नावाला टेकवायचं आणि भुवया वर करून म्हणायचं, "एव्हरीबडी गेट्स अ लाइन." शेजारच्या बाईंची ही सवय. प्रत्येकाला एक ओळ. नाव, जन्म कुठला, लग्न कुणाशी, मरण कधी. मोठा जमीनदार असला तरी एकच ओळ, आणि त्याच्या गाईंची धार काढणारी असली तरी तिलाही एक ओळ.

जुन्या कागदांत रमणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांना आपलं घराणं मोठं होतं हे दाखवायचं असतं. बाईंचं तसं नव्हतं. त्यांच्या दिवाणखान्यात ढाल आणि रानडुकराचं तोंड असलेलं घराण्याचं चिन्ह चौकटीत लावलेलं होतं. वडिलांनी ते कुठल्याशा दुकानातून हौसेनं आणलेलं. बाईंनी त्याच्याखाली स्वतःच्या हातानं चिठ्ठी डकवली होती, 'पुरावा नाही.' आलेल्या पाहुण्याला त्या डुकराआधी ती चिठ्ठी दाखवायच्या.

मी अमेरिकेत कॅरीला मुलाकडे आले ती दोन हजार चार साली. नात पहिलीत होती. मुलगा आणि सून सकाळी दोन गाड्यांतून दोन दिशांना जायची, नातीला शाळेची बस न्यायची, आणि मग तीन वाजेपर्यंत घरात मी आणि फ्रिजचा आवाज. शेजारी कुणी दिसलं की मी आत सरकायची. कुणी काही विचारलंच तर म्हणायला मुलानं एक वाक्य शिकवून ठेवलं होतं.

एकदा मी मागच्या पायरीवर मेथी निवडत बसले होते. कुंपणापलीकडून पांढऱ्या केसांच्या उंच बाईंनी विचारलं, "व्हेअर आर युअर पीपल फ्रॉम?"

मी शिकवलेलं म्हटलं, "माय सन, सॉफ्टवेअर."

बाई इतक्या हसल्या की त्यांना कुंपण धरावं लागलं. "नो डियर. बिफोर सॉफ्टवेअर!"

सॉफ्टवेअरच्या आधी आम्ही कुठले होतो हे मला या देशात कुणी विचारलं नव्हतं.

माझं इंग्रजी म्हणजे पंचवीस-तीस शब्द. दुपारी नात मध्ये बसून सांगायची. "आजी, शी सेज तिचे वडलांकडचे सगळे इंग्लंडहून आले, अँड आईकडचे आयर्लंडहून. अँड दे हेटेड ईच अदर." बाई स्वतःच्या छातीवर बोट ठेवून सांगायच्या की वडलांकडचे जमिनीचे मालक, आईकडचे त्यांच्यासारख्यांचीच कुळं, आणि दोघंही माझ्या पोटात अजून भांडतात. इंग्लंडकडच्यांनी पेट्या भरून कागद ठेवले होते. आयर्लंडकडच्यांनी नुसत्या गोष्टी ठेवल्या. त्यांच्या आईची आजी दुष्काळात बटाटा सडला म्हणून एकटी जहाजात बसून आली होती, वय पंधरा. तिचं माहेरचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. जहाजाच्या यादीत नुसतं 'नोकर मुलगी'.

त्या दिवशी मी बटाट्याची भाजी नेली होती. बाई बराच वेळ ताटलीकडे बघत बसल्या. मग दोनदा वाढून घेतली.

आमच्या कागलकडे सुगी झाली की हेळवी यायचा. बैलावर बसून दारात यायचा, कापडात गुंडाळलेली चोपडी उघडायचा आणि आमच्या घराण्याचे बाप, आजे, पणजे एका दमात म्हणून दाखवायचा. आई त्याला सुपानं धान्य घालायची. लहानपणी मी त्याला विचारलं होतं, माझं नाव कुठं आहे? तो म्हणाला, "लेकी न्हाईत यात, बाळ." हे मी नातीकरवी बाईंना सांगितलं आणि म्हटलं, "यू, हेळवी." बाईंना शब्द फार आवडला. फोनवर कुणाशी बोलतानाही "आय ॲम अ हेळवी" म्हणायच्या. आणि दुसऱ्या दिवशी एक कोरा कागद घेऊन आल्या. त्यावर माझी, माझ्या आईची आणि आजीची एकेक ओळ लिहून घेतली. आजीचं माहेर मला आठवेना. मी म्हटलं राहू दे. त्यांनी मला गावी फोन करायला लावला. मामा ओरडला, "अमेरिकेतनं हे इचारायला फोन केलास व्हय?" पण सांगितलं.

त्यांच्या घराण्याचं पुस्तक जवळजवळ तयार होतं. चाळीस वर्षांचं काम. दर शनिवारी दुसऱ्या गावाहून त्यांची भाची यायची, आणलेलं सामान कपाटात लावायची आणि विचारायची, "आंटी, इज इट डन?" बाई म्हणायच्या, "नॉट येट." भाची माझ्याकडे बघून खांदे उडवायची. डॉक्टरांनी बाईंना हृदयाचं सांगितलं होतं. पुस्तक त्यांच्या देखत छापून व्हावं एवढीच भाचीची धडपड. ती सोडून बाईंना जवळचं कुणी उरलं नव्हतं.

काय अडलंय ते मला कळायला दोन वर्षं लागली. तोवर मला बरंच समजायला लागलं होतं, आणि बाईही माझ्याशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायच्या. शेवटच्या पानावर शेवटची ओळ त्यांच्या मुलाची होती. एकुलता एक. जन्माची तारीख होती. मरणाचा महिना होता, वर्ष होतं. नुसता दिवस लिहायचा राहिला होता. दोन बोटं मावतील एवढी कोरी जागा.

मी त्या जागेवर बोट ठेवलं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि भिंतीवरचं एक जुनं कॅलेंडर काढून आणलं. तीन वर्षं झाली तरी त्यांनी ते पान उलटलं नव्हतं.

त्यांचा मुलगा आजारी होता, पण बरा होत होता. तोच म्हणाला, आई, तू आयर्लंडला जा, जहाजातल्या त्या मुलीचं नाव शोधून आण. बाई गेल्या. एका खेड्यातल्या देवळात बारशांची वही होती, तिच्यात नाव सापडलं. त्याच दिवशी निघायचं. पण त्या वहीची सही-शिक्क्याची नक्कल हवी म्हणून दोन दिवस थांबल्या. इकडे अचानक जास्त झालं. बाईंनी कॅलेंडरवर चारवर बोट ठेवलं. "माय बॉय." मग सहावर ठेवलं. "मी, होम."

"फॉर अ पेपर," त्या म्हणाल्या. "एका कागदासाठी."

मी उठून चहा टाकला.

चहा झाल्यावर त्यांनी शाईचं पेन माझ्यापुढे केलं. "यू राइट इट, डियर. आय कान्ट."

मी नको म्हटलं. एवढं चाळीस वर्षांचं पुस्तक, त्यात माझं अक्षर कशाला. पण त्यांचा हात पुढंच राहिला. मग मी पेन घेतलं आणि त्या जागेत चार लिहिला.

लिहिल्यावर बघितलं तर तो मराठी चार होता. इंग्रजी आकडे मला वाचता येतात, फोन लावता येतो. पण हात लिहायला लागला की शाळेतलेच आकडे लिहितो. मी घाबरून पदरानं पुसायला गेले. बाईंनी माझा हात धरला. चष्मा वर करून कितीतरी वेळ तो आकडा बघितला.

"फोर?"

"फोर," मी म्हटलं.

"गुड. लिहिलाय, आणि मला तो वाचावा लागत नाही."

शनिवारी भाचीनं विचारलं, "इज इट डन?" आणि बाईंनी पुस्तकाची हातानं लिहिलेली वही तिच्या हातात दिली. भाची वही छातीशी धरून रडली.

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. आपला चार म्हणजे वरचं तोंड उघडं राहिलेला इंग्रजी आठ. म्हातारीचा हात थरथरला असेल असं समजून भाचीनं तो आठच वाचला. महिना आणि वर्ष तिला ठाऊक होतं, नेमका दिवस आठवत नव्हता, आणि तो विचारून आंटीला दुखवायचं तिच्या जिवावर आलं.

छापून तीस पुस्तकं आली. हिरवं कापड, सोनेरी अक्षरं. बाईंनी मला हाक मारली. शेवटचं पान उघडून दाखवलं. मी वाचलं, आठ छापला होता. "सॉरी, सॉरी" एवढंच म्हणत राहिले. त्या मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. टेबलावर बोटानं मोजत होत्या. सहा. सात. आठ.

"टू डेज," त्या म्हणाल्या. "यात मी पोहोचते. दोन दिवस त्याच्याजवळ बसते."

त्या दुपारी त्यांनी पुस्तक मिटलं नाही. मी घरी आले तरी खिडकीतून त्या तशाच बसलेल्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर तीसही पुस्तकं टेबलावर रचलेली. "इथं बस," म्हणाल्या. चूक खोडायची तर वाचता येईल अशीच खोडायची, असा त्यांचा नियम. आठवर एक बारीक आडवी रेघ, वर चार, आणि समासात त्यांची सही. मी पुस्तक उघडून पुढं सरकवायची, त्या रेघ मारायच्या, मी शाई वाळेपर्यंत फुंकर घालायची. चार, चार, चार. इतकी वर्षं जो आकडा हातून उतरला नव्हता, तो त्यांनी त्या सकाळी एकामागून एक लिहिला. मध्ये एकदा म्हणाल्या, "खोटी तारीख पुढच्यांना देता येत नाही." कोण पुढचे, ते मी विचारलं नाही.

एकोणतीस झाली. तिसावं मी उघडून पुढं ठेवलं. बाईंनी पेन टेकवलं. उचललं. परत टेकवलं. मग पेनाला टोपण घातलं, पुस्तक मिटलं आणि आतल्या खोलीत उशाशी ठेवून आल्या.

एकोणतीस पुस्तकं गेली. काही लायब्ररीत, काही लांबच्या नातलगांकडे, एक आयर्लंडच्या त्या देवळात.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात बाई झोपेतच गेल्या. भाची आली, घर आवरू लागली. मी पोळीभाजीचा डबा घेऊन गेले आणि दारातच उभी राहिले. ती उशाजवळचं पुस्तक घेऊन बाहेर आली. शेवटचं पान उघडलेलं, हातात पेन.

"शी मिस्ड वन," ती म्हणाली. आंटीची एक चूक दुरुस्त करायची राहिली, हे तिला फार लागलेलं दिसत होतं. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पेनाचं टोपण काढलं.

चार वर्षांत मी त्या मुलीशी हॅलो आणि बाय याच्यापलीकडं बोलले नव्हते. मी पुढं झाले आणि त्या ओळीवर माझा हात ठेवला.

"नो," मी म्हटलं. आवाज मोठा झाला. "नॉट मिस्ड."

ती माझ्याकडे बघत राहिली.

मला सगळं सांगायचं होतं, पण तेवढं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. मी हात तसाच ठेवून म्हटलं, "आंटी कम, सिक्स." मग हाताखालचा आकडा दाखवला. "एट. टू डेज, विथ बॉय."

ती मनात मोजत असावी. ओठ हलत होते. मग तिनं खुर्ची ओढली आणि खाली बसली. तिनं पेनाला टोपण घातलं.

शनिवारी बाईंना पेटीत ठेवलं तेव्हा त्यांच्या हाताखाली ते हिरवं पुस्तक होतं. भाचीनंच ठेवलं होतं.