नाडीची हजेरी

माझं पोस्टिंग उत्तर सीमेवरच्या एका फॉरवर्ड सर्जिकल सेंटरमध्ये होतं. सेंटर म्हणजे तीन बंकर, एक ऑपरेशन टेबल, एक जनरेटर आणि सर्जन म्हणून मी एकटी, मेजर पाटील. गाव दिघाशी, तालुका भिवंडी. गावातल्या लोकांना अजूनही वाटतं की मी सैन्यात फक्त इंजेक्शनं देत होते.

निवृत्तीनंतर मी भिवंडीत परतले. आता दर शनिवारी मानकोली नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर शिकाऊ डॉक्टरांना टाके घालायला शिकवते. खाली कंटेनरची रांग, वर आम्ही. साहित्य साधं असतं: स्पंज, केळ्याची साल, कोंबडीची तंगडी आणि भिवंडीतल्याच नारपोलीच्या लूमवरचं, यंत्रमागावरचं सूत. सुई हातात द्यायच्या आधी मी प्रत्येकाचं मनगट धरते आणि नाडी मोजते. पोरं त्याला नाडीची हजेरी म्हणतात आणि माझ्या पाठीमागे हसतात. हसू देत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

तोंड कुठं पोळलं, ते मी या वर्षापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यांना ते ऐकून सर्वांत जास्त त्रास झाला असता, ते कर्णिक काका गेल्या वर्षी वारले. म्हणून आता लिहिते.

कॅप्टन मंदार कर्णिक त्यांचा मुलगा. नारपोलीत वाढलेला, वडील शाळामास्तर. एमबीबीएस होऊन सैन्यात आला आणि माझ्या हाताखाली मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झाला. त्याला सर्जन व्हायचं होतं. दुसरं काही त्याला नकोच होतं.

आल्या दिवशी तो माझ्यासमोर हात पाठीमागे बांधून उभा राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"हात दाखव."

"थंडी आहे, मॅडम."

"थंडी मलाही आहे. दाखव."

त्यानं हात पुढे केले. बोटं थरथरत होती.

थरथर प्रत्येकाच्या हातात असते. माझ्याही आहे. सर्जन ती घालवत नाही, तिला टेकू देतो. करंगळी पेशंटच्या अंगावर टेकवायची, कोपर बरगडीला लावायचं, श्वास सोडताना सुई आत घालायची. हे मी त्याला रोज सांगत होते. गाठींच्या सरावासाठी त्याच्या वडिलांनी लूमच्या सुताचा एक कोन, मोठं रीळच, पार्सलनं पाठवला. टाक्यांचं रेशीम ताण सोसतं, पण ते सूत झटका बसला की तुटतं. घाईचा हात लगेच उघडा पडतो.

"भिवंडीकराला सूत शिकवावं लागतं होय रे?"

"आमच्या घरी लूम नाही, मॅडम. शेजारच्या लूमचा फक्त आवाज आहे."

सकाळी त्याच्या कॉटच्या पायाला गाठींच्या माळा लटकलेल्या दिसायच्या. हट्टी होता. मला तो आवडायचा, हे इथंच सांगून टाकते.

एकदा खालच्या हॉस्पिटलचे कर्नल पाहणीला आले. त्यांच्यासमोर एका जवानाच्या दंडावर टाके घालताना कर्णिकची सुई दोनदा घसरली. कर्नल हसून म्हणाले, "यू विल मेक अ गुड फिजिशियन." फिजिशियन औषधं देतो, सुरी धरत नाही; ज्याला सर्जन व्हायचंय त्याच्यासाठी ही शिवी आहे. मी भांडून त्याला आणखी एक संधी मिळवून दिली. कर्नल पंधरा दिवसांनी परत येणार होते. त्यांच्यासमोर कर्णिकनं हर्नियाचं ऑपरेशन करायचं. जमलं तर सर्जरीच्या शिक्षणासाठी शिफारस, नाही तर विषय संपला.

शेवटच्या आठवड्यात त्याचा हात सुधारत गेला. ऑपरेशनच्या सकाळी तर बोटं टेबलासारखी स्थिर होती.

"काय रे, देव पावला?"

"प्रॅक्टिस, मॅडम."

मी खूश झाले. वेड्यासारखी खूश झाले.

कर्नलची गाडी पोहोचायच्या आधी सीमेपलीकडून शेलिंग, तोफांचा मारा, सुरू झालं. पुढच्या पोस्टवरून ॲम्ब्युलन्स आली. आत नाईक जगतार सिंग होता, मांडीची मोठी रक्तवाहिनी फाटलेली. कर्णिक स्ट्रेचर घ्यायला बाहेर धावला. शेल गेटजवळ पडला. धूर विरला तेव्हा कर्णिक स्ट्रेचर धरूनच उभा होता. त्यानं जगतारला आत आणलं आणि मग भिंतीला टेकून खाली बसला.

"कुठं लागलं?"

"डाव्या कुशीत. छोटंसं आहे."

वाटाण्याएवढं भोक होतं. बाहेर रक्त फारसं नव्हतं. बीपी जरा कमी होतं. त्यानं स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवली होती.

"पल्स चौऱ्याहत्तर, मॅडम. रेग्युलर. मी थांबतो. त्याला घ्या."

मीही मोजली. चौऱ्याहत्तर.

शरीराच्या आत रक्त वाहू लागलं की हृदय धावतं. नाडी शंभराच्या वर जाते, बीपी पडायच्या आधी जाते. म्हणून आम्ही आधी नाडी बघतो. टेबल एक असेल तर धावत्या नाडीचा जखमी पहिला. जगतारची एकशे चाळीस होती. तो पी-वन, म्हणजे पहिल्या क्रमांकाचा; कर्णिक पी-टू. नियम तसा आहे आणि तेवढ्या माहितीवर आजही मी तेच करीन.

रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं.

"नेगेटिव्ह. शेलिंग थांबेपर्यंत नो मूव्ह. ओव्हर."

मी जगतारची मांडी उघडली. नर्सिंग असिस्टंट हवालदार थॉमस कर्णिकजवळ बसून मला आकडे सांगत होता.

"साहब का पल्स छिहत्तर, मॅडम."

"ठीक. बोलते रहो उनसे."

कर्णिक बोलत होता. जगतारला धीर देत होता, गाठ कशी मारताय असं मला विचारत होता.

"बहत्तर, मॅडम. लेकिन साहब ठंडे पड़ रहे हैं।"

त्या उंचीवर सगळेच थंड असतात. तरी मी मान वळवली. कर्णिकचे ओठ पांढरे झाले होते. तो माझ्याकडे बघत होता.

"मॅडम, नाडी बघू नका."

"काय?"

"गोळी घेतलीय. प्रोप्रानोलोल. आठवडाभर घेतोय. हातासाठी. लक्षातच आलं नाही."

ही गोळी ब्लडप्रेशरवाल्यांना देतात. ती हृदयाला आवर घालते आणि हाताची थरथर कमी करते. परीक्षेच्या आधी ती गुपचूप घेणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. पण ती पोटात असली की आत रक्त वाहत असलं तरी हृदय धावू शकत नाही. हे कर्णिकला पाठ होतं. दुसऱ्या पेशंटनं सांगितलं असतं तर त्यानं तिथल्या तिथं आरडाओरडा केला असता. पण त्याच्या डोक्यात ती गोळी हाताची होती, हृदयाची नव्हती. त्यानं स्वतःची नाडी मोजली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. अशी चूक डॉक्टरच करू जाणे.

जगतारची वाहिनी क्लॅम्पवर ठेवून मी कर्णिकला टेबलावर घेतलं. पोट रक्तानं भरलेलं होतं, प्लीहा फाटली होती. असतील नसतील तेवढ्या बाटल्या चढवल्या. तो टेबलावरच गेला. नंतर त्याच टेबलावर मी जगतारचं ऑपरेशन पुरं केलं. जगतार वाचला. दिवाळीला त्याचा फोन येतो.

कर्णिकचा हात फळीवर तसाच पडला होता, एकदम स्थिर. मला त्या हाताचा राग आला. अजून येतो. त्याची नाडी खरी बोलली असती तर दोघेही पी-वन ठरले असते. मी कुणाला आधी घेतलं असतं, मला ठाऊक नाही. पण ठरवायला तरी मिळालं असतं.

मी त्याच्याबरोबर नारपोलीला आले. गल्लीतले सगळे लूम बंद ठेवले होते. लहानपणापासून त्या भागात मी इतकी शांतता ऐकली नव्हती. काकांनी मला बाजूला घेतलं.

"एक विचारू का गं? शेवटच्या दिवशी हात थरथरला का त्याचा? फार घाबरायचा त्यासाठी."

"नाही काका. अजिबात नाही."

त्यांनी डोळे पुसले आणि मान ताठ केली.

या वर्षी माझ्या वर्गात मयुरी आली. इंटर्न, माझ्याच दिघाशीची. तिलाही सर्जनच व्हायचंय आणि तिचाही हात थरथरतो. दर शनिवारी सूत तोडायची आणि ओठ चावायची. मग एका शनिवारी हजेरीत तिची नाडी बावन्न लागली. एरवी माझ्यासमोर तिची शंभराच्या खाली येत नाही. मी मनगट सोडलं नाही.

"काय घेतलंस?"

"काय न्हाय."

"मयुरी."

"गोळी. सगली घेतात, मॅडम. पुढच्या आठवड्यात सर्जरीच्या सरांसमोर टाके घालायचे हायत. मना न्हाय जमलं तर ते परत उभं करणार न्हाईत."

मी तिच्यावर ओरडले. मग खाली बसवून मंदार कर्णिक कोण होता ते सगळं सांगितलं. पहिल्यांदाच.

"काकांना कधीच सांगितलं न्हाय तुम्ही?"

"नाही."

पुढच्या शनिवारी तिची नाडी एकशे बारा होती. हात चांगलाच हलत होता. मी तिची करंगळी तंगडीवर टेकवली. सूत तुटलं, पुन्हा तुटलं. मग एक गाठ बसली, वाकडी पण घट्ट. सरांसमोरही तिचा हात हलला. गाठी मात्र सुटल्या नाहीत आणि सरांनी तिला पुन्हा बोलावलं आहे.

दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनाला मी नारपोलीला जायचे. काका गल्लीतल्या माणसांना, नव्यानं आलेल्या कामगारांनाही थांबवून सांगायचे, "शेवटच्या दिवशी आमच्या मंदारचा हात हलला नाही. या मॅडमना विचारा." लोक माझ्याकडे बघायचे. मी मान डोलवायचे.

आता काका नाहीत, म्हणून बोलते. मंदार, तुझा हात हलायला हवा होता रे.