उचलला किती, लागला किती

दोन माणसं भांडायला लागली की बाकीची माणसं एकतर सोडवायला धावतात, नाहीतर मजा बघायला. तेजस्विनी मोजायला धावायची. पालीच्या बाजारात एकदा दोन रिक्षावाले गाडी लावण्यावरून हमरीतुमरीवर आले. मी तिला म्हटलं, "बाय, बाजूला हो, लागेल." ती उलट पुढं सरकली आणि वहीत रेघोट्या ओढायला लागली. भांडण विझलं तेव्हा त्यातल्या एकाला जाऊन म्हणाली, "दादा, तुम्ही हात अकरा वेळा उचललात. लागला एकदाही नाही. छान." हे कौतुक की अपमान, त्या बिचाऱ्याला कळेना. त्यानं मलाच विचारलं, "काका, ही पोलिसातली काय?"

म्हटलं, "नाय. खेकड्यांतली."

माणसं आणि जनावरं एकमेकांच्या अंगावर का जातात, यावर ती शिक्षण करत होती. घाटावरची पोर. आमच्या पडवीतली खोली घेऊन दोन हिवाळे राहिली. नाव तेजस्विनी, पण आवाज असा की मांजरसुद्धा जागचं हलू नये. मांजराला ती "जरा सरकता का?" असं विचारायची. रागावर एवढा अभ्यास, आणि स्वतःजवळ औषधाला राग नाही. मला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. ज्याला पोहता येत नाही त्यानं होडीची किंमत सांगू नये, असं माझं मत.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण खाडीच्या चिखलात साठ वर्षं पाय रोवलेत. ती बघायची ते खेकडे म्हणजे खायची चिंबोरी नव्हे. हे बारके, एक डेंगा, म्हणजे नांगी, अंगापेक्षा मोठा आणि दुसरा नावापुरता. ओहोटी लागली की आपापल्या बिळाच्या तोंडाशी उभे राहून तो मोठा डेंगा हलवत बसतात. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "यात मांस नाय हो."

"मला खायचे नाहीत आजोबा, भांडताना बघायचेत."

"त्यासाठी चिखलात कशाला लोळतेस? पडवीत बस. आमच्याकडे सकाळी सातला सुरू होतं."

ते खोटं नव्हतं. शेजारी माझा चुलतभाऊ भिकू. आमच्या दोघांच्या मधे चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढी दगडी भिंत. तीस वर्षांपूर्वी पावसात तो पडला आणि भिकूनं परत रचताना वीतभर माझ्या हद्दीत सरकवला. त्याचं म्हणणं, रचणारा मी आणि सरकवला त्याच्या हद्दीत. तेव्हापासून आमचं सरळ बोलणं नाही. रोज सकाळी तो त्याच्या बाजूनं काठी उगारतो, मी माझ्या बाजूनं.

"मेल्या, चिऱ्याला हात लावलास तर बघ!"

"लावला! काय करशील?"

काही करत नाही. मीही करत नाही. मी काठी उगारतो तेव्हा कंबर गडग्याला टेकवून उभा असतो, नाहीतर पडेन. हे फक्त तेजस्विनीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "आजोबा, खेकड्याचा डेंगा तुटला तर नवा येतो. दिसायला पहिल्याएवढाच, पण आतून हलका. समोरच्याला ते कळत नाही, म्हणून याचं नुसतं हलवण्यावर भागतं." आणि माझ्या काठीकडे न बघता चहा प्याली. न बघता! पोर दिसते तेवढी साधी नव्हती.

त्या वर्षी भिकूच्या मुलानं घर विकायचं काढलं होतं. बायको गेल्यापासून भिकू एकटा. मुलगा मुंबईला, दहाव्या मजल्यावर. बापाला तिकडे नेणार म्हणे. भिकूला जायचं नव्हतं. फोनवरचं त्याचं ओरडणं मला इकडे ऐकू यायचं. माझी बायको म्हणाली, "भाऊजी गेले तर तुम्ही काय कराल?" म्हटलं, "गडगा सरळ करीन." पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेजस्विनीला एकदाच रागावलेलं पाहिलं, आणि ते श्रेय माझं. तिनं काही खेकड्यांच्या पाठीवर नेलपॉलिशचे ठिपके दिले होते, ओळखायला. लाल, निळे, सोनेरी. जणू लग्नाला निघालेत. एक दिवस ती शहरात गेली असताना मी म्हटलं, पोरगी चिखलात फळी टाकून पालथी पडते, उन्हात कातडी भाजून घेते, आपण जरा मदत करू. गेलो आणि ठिपकेवाले सहा खेकडे बादलीत भरून अंगणात आणून ठेवले. बस म्हटलं आता सावलीत, बघ भांडणं.

ती आली. बादलीत बघितलं.

"कुठल्या बिळातला कुठला, आठवतंय?" तिनं विचारलं.

"त्यात काय आठवायचं? परत सोडतो की. खेकड्याला कुठलंही बीळ चालेल."

तिचा चेहरा त्या लाल ठिपक्यासारखा झाला. हातातली छत्री वर गेली, नेमकी माझ्या डोक्यावर. मी गप्प बसेन होय? म्हटलं, "उचलली एकदा. लागली किती, ते सांग म्हणजे लिहायला बरं."

छत्री काही वेळ तशीच वर. मग ती पायरीवर बसली, हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. महिन्याचं काम वाया गेलं होतं. तरी वही काढून लिहिलं तिनं. मी वाचलं: 'मी स्वतः. उचलली एक, लागली शून्य.'

डोळे पुसून मग मला समजावलं. "कुठलंही बीळ नाही चालत, आजोबा. ते शेजारी ओळखतात. शेजाऱ्याशी भांडून भांडून एकदाचं ठरलेलं असतं, इथवर तुझं, इथवर माझं. म्हणून बाहेरचा दांडगा खेकडा शेजाऱ्याचं बीळ घ्यायला आला, तर कधी कधी हा आपलं बीळ सोडून त्याच्या मदतीला जातो."

"प्रेमानं?"

"छे. नवा आला तर सगळं भांडण पहिल्यापासून करावं लागेल ना!"

मी म्हटलं, "खेकडा आहे तो. त्याला कसली अक्कल."

माघात एका सकाळी भिकूच्या दारात पांढरी गाडी आली. त्याचा मुलगा, सोबत काळ्या चष्म्याचे दोन गृहस्थ आणि मोजायची टेप. भिकू पायरीवर बसला होता. काठी दोन गुडघ्यांवर, आडवी. सात वाजून गेले तरी ती उचललीच नाही त्यानं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मी गडग्याला कंबर टेकवली. "ओ पाव्हणे! टेप नीट धरा. हा गडगा वादातला आहे. वीतभर माझा आहे. तीस वर्षं भांडतोय, अजून तीस भांडेन. घर घ्याल तर भांडणासकट घ्या."

एक चष्मा म्हणाला, "आजोबा, आपण बसून बोलू."

"मी उभ्यानं भांडतो." आणि काठी उगारली.

भिकूचा मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही मधे पडू नका. असला काही वाद नाही."

तेव्हा भिकू उठला. त्यानंही काठी उचलली, पण तोंड माझ्याकडे नव्हतं. "वाद हाय," तो मुलाला म्हणाला. "खरं बोलतोय तो. मोठा वाद हाय."

तीस वर्षांत भिकू माझ्या बाजूनं बोललेलं हे पहिलं वाक्य.

गाडी गेली ती परत आली नाही. दोन दिवस फणफणून मुलगाही मुंबईला गेला. तो गेल्यावर भिकू गडग्याशी आला. "मेल्या, माज्या घरात तुजं काय काम?"

म्हटलं, "वीतभर हाय."

तेजस्विनी सगळं पडवीतून बघत होती, वही मांडीवर. मला म्हणाली, "आजोबा, काठी कुणासाठी उचललीत, ते लिहायचं राहिलंय. सांगता?"

"मी काही खेकडा नाय."

"मी कुठं तसं म्हटलं?" असं म्हणून तिनं वही मिटली.

पुढच्या महिन्यात ती गेली. मांजराला "येते हं" म्हणून गेली. जाण्याआधी भिकूच्या घरीही गेली होती आणि त्याच्याकडून आमसुलं घेऊन आली. हे मला आवडलं नव्हतं. आमची आमसुलं जास्त चांगली.

यंदा तिचा प्रबंध पोस्टानं आला. जाडजूड, सगळा इंग्रजी. पोस्टमननं पहिली पानं चाळून दाखवलं, की आभाराच्या पानावर आमची नावं आहेत. एकाच ओळीत, शेजारी शेजारी. पहिलं भिकूचं, दुसरं माझं.

भिकूचं पहिलं! मी लगेच तिला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "ते दोन महिन्यांनी मोठे आहेत ना, आजोबा." आणि मग, "सकाळचं चालू आहे ना?"

"चालू आहे."

"लागला?"

"शून्य."

पुस्तक घेऊन मी गडग्यापाशी गेलो. वरून देता आलं असतं. पण जड होतं, म्हणून वळसा घालून त्याच्या पायरीवर गेलो. भिकूला मराठीसुद्धा वाचता येत नाही. त्यानं हात धोतराला पुसून पान धरलं आणि विचारलं, "यातला मी कुठला?"

मी दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

त्यानं ते बराच वेळ बघितलं. "बरं छापलंय," म्हणाला, आणि मला बसायला सरकून जागा दिली. वीतभर.