हिचं तोंड कुणी धुतलं?

हे लिहावं की नाही, याचा बरेच महिने निर्णय होत नव्हता. कारण यातली कृपा सगळी रेणुकाआईची आहे आणि खोटेपणा सगळा माझा. एक सांगायचं तर दुसरं झाकता येत नाही.

आमच्या घराण्यात काही मुलांच्या ओठांवर दोन-तीन वर्षांची होईपर्यंत काळसर ठिपके उमटतात. तीळ नव्हेत, डागही नव्हेत. बारीक कुंच्यानं शिंपडल्यासारखे. माझे वडील, आमचे आण्णा, त्याला आईचं तांबूल म्हणायचे. माहूरच्या रेणुकामातेला विड्याची पानं, कात, सुपारी कुटून तांबूल दाखवतात, त्याचाच शिंतोडा आपल्या घरावर उडालाय, असं ते अभिमानानं सांगत. ज्याच्या ओठांवर तांबूल, तो आईचा. आणि तो आईचा म्हणून त्याच्या पोटात कळ आली, तर तीही आईचीच. आण्णांची धाकटी बहीण लग्नाआधीच पोट धरून गेली. आण्णा स्वतः एक्केचाळिसाव्या वर्षी तसेच गेले. दोन्ही वेळा कपाळाला अंगारा लावला गेला आणि "आईनं नेलं" एवढंच बोललं गेलं.

मी रेणापुरात मोटारी भरण्याचं दुकान चालवतो. विहिरीवरची जळालेली मोटार आली की तिची जुनी तार काढायची, नवी भरायची. बिघाड कुठं आहे हे वासावरून सांगणारा माणूस म्हणून माझं नाव आहे. अशा माणसाला ओठांवरचे ठिपके आणि पोटातली कळ यांचा संबंध कधी दिसला नाही, असं मी म्हणणार नाही. दिसत होता. मी तिकडं पाठ करून बसलो होतो. माझ्या ओठांवरचे ठिपके वयानुसार फिके पडले होते, बोटांच्या पेरांवरचे थोडे राहिले होते. ग्रीस म्हणून खपून जात.

माझ्या मुलीला, गोदाला, मात्र ते ठसठशीत होते. तिला पाहायला आलेल्या एका बाईनं चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "पोरगी गुटका तर खात न्हाई ना वो?" सगळे हसले. गोदाही हसली, आणि आत जाऊन तिनं ओठ घासून घासून रक्त काढलं. त्याच आठवड्यात मी तिला लातूरला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ठिपके बघितले, तिच्या हाताची बोटं बघितली आणि मला म्हणाले, "कधीकधी यासोबत आतड्यात गाठी असतात. घरात कुणाला पोटाचा त्रास आहे? कुणी लवकर गेलं?" बाहेरच्या बाकावर उदगीरच्या एका स्थळाकडच्या नात्यातली बाई बसली होती. दार अर्धं उघडं होतं. मी म्हणालो, "नाही. कुणालाच नाही."

लेझरनं तीन खेपांत ओठ स्वच्छ झाले. उदगीरचं स्थळ जमलं. साखरपुडा झाला.

लग्नाची पहिली पत्रिका कुलदेवतेपुढं ठेवायची, मगच बाकीच्यांना वाटायची, अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणून आम्ही माहूरला निघालो. मी, माझी पत्नी सुनंदा, गोदा, आणि मुलाचे वडील, आमचे होणारे व्याही. जीप त्यांचीच होती. नांदेड सोडल्यापासून गोदा गप्प होती. व्याही आरशातून तिच्याकडं बघत म्हणाले, "पाव्हणं, लेकीला सकाळी खाऊ घातलंव का न्हाई? गड चढायच्या आधीच दमली की!" गोदा ओशाळून हसली. तिचा हात पोटावर होता. मला तो दिसत होता.

मध्यान्ह झाली होती. अर्ध्या पायऱ्या चढल्यावर गोदा कठड्याला टेकून खाली बसली. सुनंदा पिशवीतून पाण्याची बाटली काढत होती, व्याही दोन पायऱ्या वर घाम पुसत उभे होते. तेवढ्यात मला खलाचा आवाज आला. भिंतीच्या सावलीत एक म्हातारी बाई बसली होती. पुढ्यात दगडी खल, त्यात पानं. आवाज येत होता, पण तिचा हात हलताना दिसत नव्हता. पायऱ्यांवर माणसं होती, त्यांची तोंडं हलत होती, आणि त्यांचा आवाज मात्र मला येत नव्हता. ती उठून गोदासमोर बसली आणि तिच्या ओठांकडं बराच वेळ बघत राहिली.

"हिचं तोंड कुनी धुतलं रं?"

"कुणी नाही, मावशी," मी म्हणालो.

"बापासारकाच लबाड हाईस." तिनं गोदाची हनुवटी धरली, अंगठ्यानं गाल आतून उलटा केला. आत, ओलसर गुलाबी कातड्यावर, काळे ठिपके जसेच्या तसे होते. मी ते कधी बघितलेच नव्हते. "वरचं पुसलास. ह्ये कसं पुसशील? लई कळ सोसून राहिली लेकरू. वर जाऊ नको. आई काय वर बसून तुझी वाट बघत न्हाई. नांदेड गाठ. आन इचारलं की खरं सांग."

त्याच क्षणी गोदाला हिरवी उलटी झाली आणि ती माझ्या अंगावर कोसळली. पत्रिका पायऱ्यांवरून उडत खाली गेली. ती कुणी उचलली नाही.

नांदेडपर्यंतचे ते तास मी लिहू शकत नाही. व्याही हॉर्नवर हात ठेवून जीप हाकत होते. दवाखान्यात एक तरुण सर्जनबाई आल्या. गोदाचं पोट दाबून बघितल्यावर त्यांनी मला विचारलं, "घरात कुणाला असा त्रास होता?" व्याही माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते. 'नाही' हा शब्द माझ्या ओठावर तयार होता. इतक्या वर्षांची सवय होती. पण जीभ हलेना. तोंडात काताची तुरट चव भरली होती, आणि मी दिवसभरात पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं. मग मी बोलायला लागलो. आत्या, आण्णा, ठिपके, लातूरचे डॉक्टर, अर्धं उघडं दार, सगळं. बाईंनी बॅटरी घेऊन गोदाच्या गालाच्या आत बघितलं आणि नर्सला म्हणाल्या, "ऑपरेशनची तयारी करा."

त्यांनी नंतर समजावलं. प्यूट्झ-जेघर्स नावाचा, क्वचित आढळणारा, रक्तातून येणारा आजार. आतड्यात कोंबासारख्या गाठी वाढतात. तशीच एक गाठ ओढली गेली आणि सदऱ्याची बाही आत मुडपावी तसं गोदाचं आतडं आतड्यात शिरलं होतं. आणखी उशीर झाला असता तर तो भाग सडला असता.

ऑपरेशन चालू असताना व्याही माझ्याशेजारी येऊन बसले. "पाव्हणं, ह्ये आदी बोलायचं हुतं."

"हाव," मी म्हणालो.

"बरं. आता पोरगी वाचू द्या. बाकीचं मंग बघू."

पोरगी वाचली. तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली, तेव्हा मी सुनंदाला म्हणालो की बरं वाटलं की गडावर जाऊन त्या म्हातारीला लुगडं नेसवू. सुनंदानं वळून विचारलं,

"कोण म्हातारी?"

मी सांगितलं. ती हळूच खुर्ची सरकवून माझ्यापासून जरा लांब झाली. "अहो, तिथं कुणी नव्हतं. तुम्हीच तिच्यापुढं बसलाव. तुम्हीच तिचा गाल उलटा केलाव. आवाज तेवढा तुमचा नव्हता. व्याह्यांनी बी ऐकला. मी भिऊन बोलले न्हाई."

मी गोदाकडं बघितलं. तिनं मान हलवली. "बाबा, बोटं तुमचीच होती. ग्रीसची. पण तुम्ही मला 'लेकरू' म्हणालाव. तसं तुम्ही कधी म्हणत नाही."

मी हात पुढं घेऊन बघत बसलो. कितीतरी वेळ ते मला माझे वाटेनात. आजही कधी मोटार उघडताना मध्येच थांबतो आणि बोटांकडं बघतो. जे घडलं त्याचा अर्थ लावायचा मी सोडून दिला आहे. एवढंच कळतं की जे तोंड खोटं बोलत होतं, तेच आईनं बोलायला घेतलं. दुसरं एखादं चांगलं तोंड तिला मिळालं असतं.

लग्न मोडलं. मुलाच्या आईची छाती झाली नाही. पुढं होणाऱ्या प्रत्येक मुलात हे उतरण्याची निम्मी शक्यता असते, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. मी गोदाची माफी मागायला गेलो. ती म्हणाली, "त्यांनी सगळं विचारलं, मग नाही म्हटलं, बाबा. तुम्ही तर कुणाला विचारूच दिलं नव्हतं."

त्यानंतर मी भावकीतल्या प्रत्येक घरी गेलो. आण्णा आणि आत्या कशानं गेले ते बसून सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी देवीचा कोप होईल म्हणून कानावर हात ठेवले. चौघांनी तपासून घेतलं. मग गोदा म्हणाली, "आता तुमचं."

मी टाळत होतो. दुसऱ्याचं बिघडलेलं उघडून बघण्यात माझा जन्म गेला. स्वतःला उघडू देणं जमत नव्हतं. शेवटी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ती मला दुर्बिणीनं आतडी तपासायला नांदेडला घेऊन गेली. संमतीच्या कागदावर रुग्णाबरोबर कोण, या रकान्यात तिनं स्वतःचं नाव लिहिलं, सही केली, आणि माझ्या अंगावर चादर नीट ओढून दिली. "बाबा, आता हातपाय हलवू नका. काहीच करू नका," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी काहीच केलं नाही. डोळे मिटले. आई, तुझ्या हाती दिलं, असं मनात म्हणालो, आणि जे काय सापडायचं ते सापडू दे म्हणून निमूट पडून राहिलो.