बिनविरोध

माझा नवरा कशालाही चटकन हो म्हणत नसे. भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं, तरी ‘कशावरून?’ मानपाड्याच्या एका रसायन कारखान्यात, प्रयोगशाळेत ह्यांची नोकरी. तिथे शंका काढण्याचाच पगार मिळायचा. मी डोंबिवलीच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, आमचं पटत नाही. त्यांना काय माहीत, आमचं जे काही पटायचं ते त्यातच.

वर्गात मी सांगायचे, आपल्या जुन्या न्यायशास्त्रानं बोलाचालीचेही प्रकार केलेत. खरं काय ते शोधायला बोलतात तो वाद, जिंकायलाच बोलतात तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहायचं ती वितंडा. वितंडेचं उदाहरण म्हणून मी मनात कोणाला उभं करायचे, ते सांगायला नकोच. कोर्टात काय, प्रयोगशाळेत काय, ‘नाही’ म्हणणारा कुणीतरी लागतो, नाहीतर ‘हो’ला किंमत राहत नाही, असंही मी ठासून सांगायचे. सांगायला काय जातं!

मागच्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले. वाचा गेली, आणि परत आली ती एकच शब्द घेऊन. जेवता? हो. झोपता? हो. कळव्याची नणंद भेटून गेली, जाताना म्हणाली, ‘वहिनी, दादा किती शांत झाला गं!’ मला तिचा असा राग आला! डॉक्टर म्हणत होते, शब्द येतील कदाचित, पण आत किती समजतंय ते आत्ताच सांगता येणार नाही.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. ठाण्याला लेकीजवळ जागा घ्यावी हा माझा जुना हट्ट, आणि हे कायम विरोधात. आता लेकीनं विचारलं, ‘बाबा, ठाण्याला यायचं ना?’

‘हो.’

ती आनंदानं मला बिलगली. इतकी वर्षं न जिंकलेला वाद मी बसल्या जागी जिंकले होते, आणि मला तो ‘हो’ खरा वाटेना. ती गेल्यावर मी विचारलं, ‘अहो, मोहन्याला, जिथे आपलं कुणीच नाही तिथे, राहायला जायचं का?’

‘हो.’

‘आणि इथेच राहायचं का?’

‘हो.’

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. जागा, लिफ्ट सगळं गेलं खड्ड्यात. ज्याच्याशी उभा जन्म भांडले तो माणूस आत आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

तरी लेकीचं मन मोडवेना, म्हणून जागा बघायला गेलो. अकरावा मजला. लेक उत्साहानं दाखवत होती, ‘बघा बाबा, दोन-दोन लिफ्ट! जिन्याची कटकटच नाही.’

हे लिफ्टच्या दाराकडे बघत राहिले. पुढे ‘हो’च ऐकायला मिळणार हे मला ठाऊकच होतं, म्हणून मी पर्स सावरून आत वळले.

‘लाइट,’ हे म्हणाले. थांबले. ओठ जुळवत राहिले. ‘गेली... तर?’

‘जनरेटर आहे ना, बाबा.’

‘तो... बंद... पडला?’

शुद्ध वितंडा! मला हसू आणि रडू एकदमच आलं. लेक घाईघाईनं म्हणाली, ‘बरं बाबा, तुम्ही म्हणाल तसं.’ मी तिला हातानंच गप्प केलं. आजाऱ्याची समजूत काढल्यासारखं मला बोलायचंच नव्हतं.

‘अहो, इथली लिफ्ट कधीतरी बंद पडेल. आपल्याकडे तर ती नाहीच! गेल्या महिन्यात दवाखाना सोडून कुठे खाली उतरलात का तुम्ही? कट्ट्यावरचे तुमचे मित्र विचारतात, मी काय सांगू त्यांना?’ मी चांगली तावातावानं बोलले. तसूभरही सूट दिली नाही.

ह्यांच्या कपाळावर आठी पडली. तोंड उघडलं, मिटलं. आता थकून पुन्हा हो म्हणतील, या धास्तीनं मी ह्यांच्या ओठांकडेच बघत राहिले.

‘विचार,’ हे म्हणाले, ‘करतो.’

मी त्या रिकाम्या जागेच्या उंबऱ्यावरच बसले. ‘करा,’ म्हटलं, ‘कितीही वेळ लागू दे.’