पासलीचा दुरंगी सामना

याद्या करायची सवय मला शाळेत नोकरीला लागल्यापासूनची. त्या सवयीमुळेच सत्तर सालाच्या पुढंमागं भोरच्या जयंती कमिटीनं दोन गायिकांचा दौरा माझ्या गळ्यात घातला. मी तेव्हा तेवीस वर्षांची. वाजवणारे सगळे पुरुष, म्हणून दोघींच्या सोबतीला एक बाई हवी होती आणि ती विसरभोळी नको होती. कमिटीनं एवढंच पाहिलं.

आमच्या बौद्ध वस्त्यांना त्या काळी दुरंगी सामन्याचं वेड होतं. दोन गायनपार्ट्या एकाच मंचावर समोरासमोर बसत. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातच उत्तर द्यायचं, आणि मधल्या वेळात एकमेकींची खेचायची. आमच्या गायिका, वयानं एक थोरली आणि एक धाकटी, दोघीही नावाजलेल्या होत्या, त्यामुळे जाहिरातीवर आधी नाव कुणाचं, यावर छापखान्यातच गाडं अडलं. मी निम्म्या जाहिराती एकीचं नाव आधी घालून छापल्या, निम्म्या दुसरीचं. गायची पाळीही तशीच लावली : भोरला थोरली आधी, सारोळ्याला धाकटी, वेल्ह्याला थोरली, गुंजवण्याला धाकटी. शेवटी पासलीलाही धाकटीच, कारण ते तिचं माहेर होतं आणि थोरलीनं तेवढा मान आपण होऊन दिला होता. हे सगळं वहीत लिहून मी दोघींच्या सह्या घेतल्या.

आधी कोण गातं याला महत्त्व होतं, कारण आधी गाणारी पट्टी ठरवायची. ती ज्या सुरात गाईल त्याच सुरात दुसरीनं उत्तर द्यायचं. दोघी गायच्या काळी चारमध्ये, म्हणजे चांगल्या उंच सुरात. भोरला पहिल्या दिवशी थोरलीनं तान घेतली तेव्हा माझ्या हातातली पेन्सिल थांबली. बाईच्या अंगात एवढा आवाज मावतो कुठं, हेच कळेना. सारोळ्याला हमरस्त्यावरचे ट्रकवाले पुलाच्या अलीकडं गाड्या उभ्या करून टपावर चढून बसले होते. धाकटी गात होती तोवर एकानंही इंजिन चालू केलं नाही.

थोरलीला सगळे आक्का म्हणायचे. पन्नाशीची, जाडजूड, तोंडानं फटकळ. धाकटी माझ्याच वयाची. तिनं गायनपार्टी धरल्यापासून तिच्या वडलांनी तिला घरात घेतलं नव्हतं, याला चार वर्षं झाली होती. जागा बघायला मी आठवडाभर आधी पासलीला गेले, तेव्हा वडील स्वतः येऊन मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तिला सांगा, म्या येनार हाय ऐकाया. लोक ऐकत्यात का हसत्यात, ते बघीन. हसले तर पुन्हा पासलीत पाय ठिऊ नको म्हनावं."

हा निरोप मी टेम्पोत दोघींसमोर सांगितला. आक्का म्हणाल्या, "बाप हाय का परीक्षक!"

गुंजवण्याला घात झाला. राब भाजायचे दिवस होते. पेरणीआधी भाताच्या रोपाची जागा पालापाचोळा घालून भाजतात, त्याचा धूर वारं फिरल्यावर थेट मंचावर आला. धाकटी धुरातही थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली ती मला ऐकूच आली नाही. गळ्यातून नुसता वारा येत होता.

"बोलायचं न्हाई," आक्कांनी दम भरला. "तोंड उघडलंस तर बघ. लई शानी! धूर खाया गेली व्हती."

धाकटीनं माझी वही ओढून लिहिलं : कार्यक्रम बंद करू नका. बाबा येणार.

पासलीची शेवटची चढण टेम्पोला झेपेना. पेटी, ढोलकी, कर्णा आणि बॅटरी डोक्यावर घेऊन आम्ही चाललो. गावात वीज नव्हती आणि वाड्यावस्त्यांवरच्या माणसांना उजेडात परतायचं होतं, म्हणून कार्यक्रम दुपारी तीनचा. मी आठवड्यापूर्वी जागा पाहिली होती तेव्हा ती नुसती रिकामी भातखाचरं होती. आता सगळ्यात खालच्या खाचरात मंच होता आणि डोंगराच्या उतारावर एकावर एक चढत गेलेल्या प्रत्येक बांधावर माणसं बसली होती. धनगरवाड्यांवरची माणसं शेरडं घेऊनच आली होती. वर पाहता पाहता मान दुखली तरी माणसं संपेनात. धाकटीचे वडील चौथ्या बांधावर कडेला एकटेच बसले होते.

मंचामागं आक्कांनी मला कोपऱ्यात घेतलं. "बाई, आज आधी म्या गानार."

"आज पाळी तिची आहे. तुमची सही आहे."

"घाल चुलीत ती सही."

मला संताप आला. मला वाटलं, पोरीचा गळा बसलाय हे पाहून ही बाई काळी चार लावणार आणि तिला तिच्या बापासमोर लोळवणार. मी तसं तोंडावर बोललेही. आक्कांनी पदर खोचला आणि त्या मंचावर जाऊन बसल्या. धाकटी पांढरी पडली होती, पण तीही मागोमाग गेली.

वंदना झाली. आक्का पेटीवाल्याकडं वळून म्हणाल्या, "काळी एक."

पेटीवाल्यानं दोनदा विचारलं. एवढ्या खालच्या सुरात त्या कधी गायल्याच नव्हत्या. त्यांनी सवाल सुरू केला आणि तो पहाडी आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा आला. वरच्या बांधावरून कुणीतरी ओरडलं, "आक्का, आवाज भोरात इसरला का?"

सगळा डोंगर हसला.

"व्हय बाबा," आक्का म्हणाल्या, "तुमची चढन चढताना सांडला. घावला तर आनून द्या."

"म्हातारी झाली!" दुसरा ओरडला.

"तुझी आजी म्हातारी! म्या अजून दोन कडवी गानार हाय, बस गप."

आणि त्या पुन्हा त्याच खालच्या सुरात गायल्या, तान न घेता, जागजागी थांबत. लोक हसत होते. मी वही मांडीवर घेऊन बसले होते आणि मला हळूहळू उमगत होतं : पोरीनं आधी गाऊन सूर उतरवला असता, तर हे हसू तिच्या वाट्याला आलं असतं. मंचामागं जे बोलले होते ते परत घ्यायला आता सोय नव्हती.

मग धाकटीची पाळी आली. पट्टी तीच, काळी एक. तेवढ्याला तिचा गळा पुरत होता. आवाज खरखरीत होता, पण कुठं तुटला नाही. प्रत्येक शब्द जपून, सावकाश टाकत गेली. आधीचं हसू एकेका बांधावरून उतरत गेलं. दुसऱ्या कडव्याला मला चौथ्या बांधावरच्या शेरडाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली, एवढी शांतता होती. मी पुढं मोठमोठे गवई ऐकले. पण एवढी माणसं एवढी गप्प मी पुन्हा पाहिली नाहीत.

दोन तास सामना चालला. आक्कांनी टोमणे खाल्ले, दिले, आणि एकदाही सूर वर नेला नाही. उठताना त्यांच्या पोलक्याची पाठ घामानं भिजली होती. भरदार गळा दोन तास दाबून धरणं हे ओरडण्यापेक्षा अवघड असतं, असं मला पेटीवाल्यानं नंतर सांगितलं.

वडील बांध उतरून खाली आले. लेकीकडं पाहिलं नाही. जमिनीकडं पाहत म्हणाले, "घरी चल. पाय धुवाया पानी ठिवलंय."

ती रडायला लागली. आवाज नव्हताच, नुसते खांदे हलत होते.

मग ते आक्कांकडं वळले. "तुमी बी चला, आक्का. मास्तरीणबाई, तुमीसुदीक. आक्का, तुमचा गळा लई बसलाय. पोरीनं निभावून न्हेलं म्हनून बरं, न्हाईतर आज तुमची काय धडगत नव्हती."

"खरंय दादा," आक्का म्हणाल्या. "पोर गुनाची हाय."

धाकटीनं तोंड उघडलं. आक्कांनी तिच्या पायावर पाय दिला.

घरात धाकटीच्या आईनं हुलग्याचं माडगं केलं. गरम, पातळ, मिरं घातलेलं, बसलेल्या गळ्याला आराम देणारं. वडलांनी वाडगं स्वतः आक्कांच्या पुढं ठेवलं आणि समोर बसून राहिले. आक्कांनी भुरके मारत ते सगळं संपवलं, मधे दोनदा खोटं खोकल्याही. ज्या गळ्याला त्या माडग्याची खरी गरज होती तो शेजारीच आवंढे गिळत होता.

आक्कांनी वाडगं खाली ठेवलं.

"अजून हाय का वो दादा? हिला बी द्या थोडं. माझ्यासंगं बसून बसून हिचा बी बसायचा गळा."