काकांनी आवळलेला गळा

आमच्या थोरल्या काकांनी एका जपानी माणसाचा जीव घेतला, अशी एक बशी चहा निवेल एवढा वेळ माझी पक्की खात्री होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बनारसला बँकेत होतो आणि काकांकडे राहायचो. काका संस्कृतचे पंडित, पण तरुणपणी आखाड्याची माती अंगाला लावलेले. वरच्या खोलीत त्यांचा विद्यार्थी केनजी राहायचा. (यातला 'जी' आदराचा समजून काका त्याला नुसतं 'केन' म्हणत.) तो संस्कृतसाठी आला होता, पण लहानपणापासून जुजुत्सू, म्हणजे जपानी कुस्ती, शिकलेला.

ही विद्या भिक्षूंनी इथूनच तिकडे नेली, असं काकांचं ठाम मत. केनजी नम्रपणे म्हणायचा की तसं सांगतात खरं, पण पुरावा नाही. चिलखत घातलेल्या योद्ध्याला ठोसा मारून उपयोग नाही, म्हणून तलवार हातातून गेली की त्याला पाडायचं, सांधे पिरगाळायचे, अशी ती वाढली. पुढे त्यातले घातक डाव वगळून ज्युदो झाला. हा ज्युदो ब्राझीलला पोचला, आणि तिथल्या लोकांनी जमिनीवरच मुक्काम ठोकला. ते तर पाठीवर पडूनही लढतात.

हे काकांना पटेना. "पाठ टेकली की कुस्ती संपली," ते म्हणाले. "मग यांची सुरू कशी होते?"

ते समजून घ्यायला दोघे थंडीतल्या एका सकाळी राजा घाटावर गेले. बराच वेळ परतले नाहीत, म्हणून काकूंनी मला पाठवलं.

कोहरा (आम्ही घरातही धुक्याला कोहराच म्हणायचो) असा होता की पुढची पायरी पायालाच सापडायची. कुठेतरी घंटा वाजली आणि मध्येच थांबली. मणिकर्णिकेच्या चितांसारखा जळक्या लाकडांचा वास येत होता. आणि तळाशी पोचलो तर पाण्यालगत पांढरं काहीतरी पडलं होतं. त्याला डोकी दोन होती.

जवळ गेलो. काका पाठीवर, पाय केनजीच्या कमरेला विळखा घातलेले, मुठीत त्याच्या जाड अंगरख्याची कॉलर. केनजी त्यांच्या दंडावर थापट्या मारत होता. मग तो हात थांबला आणि घसरून पायरीवर पडला.

"काका, सोडा. थापट्या म्हणजे तो हरलो म्हणतोय."

काकांनी मूठ सोडली. "मला वाटलं, शाबासकी देतोय," ते हळूच म्हणाले.

आम्ही केनजीला उताणा केला. चेहरा राखेसारखा. मी घाबरून त्याचे पाय वर धरले. काका उशाशी बसून पुटपुटू लागले. मी कान दिला, तर गीता सुरू झाली होती. तेवढ्यात धुक्यातून वल्ह्याचा आवाज आला. नाव दिसली नाही, नावाडीही नाही. फक्त शांतपणे विचारणा झाली.

"मणिकर्णिका ले चलें, बाबूजी?"

आणि मुडदा ताडकन उठून बसला. डोळे सताड उघडे. काकांकडे बघून शुद्ध संस्कृतात म्हणाला, "पुनः."

पुन्हा एकदा करू, एवढंच त्याला म्हणायचं होतं, हे मला नंतर कळलं. मी तेव्हा शुद्धीवर नव्हतो. घरी मला त्या दोघांनीच उचलून आणलं. केनजीला आडवं करायला काकांना निदान एक डाव तरी लागला होता. मला कोणी हातही लावला नव्हता!